तिसरं कडवं भावाचं

वर्धा,
दि. ८ सप्टेंबर २०२५

ती. इंदिराताईस,
श्रीधरचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुला फोन लावणं मी सोडलं आहे. तू कोण बोलतंय म्हणून विचारतेस, मी ओरडून नाव सांगतो, शेजारचे खिडकीतून डोकावतात, आणि शेवटी फोन दिपालीच्या हातात जातो. मग तुझी सून मला तुझी तब्येत सांगते. आयुष्यभर टपाल कचेरीत दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले. आता स्वतःची पत्रं लिहितो, त्यात काही वाईट नाही.

आता कामाचं. आमच्या गाणाऱ्या निवृत्तांच्या मंडळाचा वार्षिक कार्यक्रम यंदा कोजागिरीला आहे. मंडळाचा मी सचिव आणि निवेदकही, कारण दोन्ही कामं फुकट करणारा दुसरा कोणी सापडला नाही. विषय ठरला आहे 'आठवणीची गाणी'. कोणाची तरी आठवण येते, तो माणूस जवळ नाही, एवढी एकच अट. प्रकार कुठलाही चालेल. हे जाहीर केलं आणि मंडळाला ऊत आला. बँकेतून निवृत्त झालेल्या साहेबांनी गझल घेतली. माझं मत असं की गझलवाल्याला तो माणूस परत यायलाच नको असतो, नाहीतर त्यानं करायचं काय? लावणीतली बाई मात्र रोखठोक, आठवण काढता काढता हिशेब मागते. सिनेमातली माणसं आठवण आली की डोंगरावर जातात, आपल्याकडे डोंगर नाही म्हणून वर्धेकरांची अडचण होते. रूपराव खंजिरी भजन म्हणणार आहेत, आणि कव्वालीवाल्यांना आठवण देवाची येते की शेजारणीची, हे त्यांनी अजून आम्हाला सांगितलेलं नाही.

मी यादी वाचत होतो आणि मला आपलं भुलाबाईचं गाणं आठवलं. आईनं जोडलेलं. सासरी बसलेली बहीण भावाची वाट बघते ते. सगळ्या कार्यक्रमात बहिणीला भावाची आठवण येते असं एकही गाणं नाही. ताई, ते तू म्हणायचंस. तूच म्हणू शकतेस. तिसरं कडवं भावाचं होतं आणि मी ते कधीच म्हटलं नाही, मुलींच्या घोळक्यात गायची मला लाज वाटायची. मी फक्त खाऊचा डबा कोण ओळखतं ते बघायला यायचो. डबा हालवला की आवाजावरून आत काय आहे ते तू बरोब्बर सांगायचीस, आणि मग आळीतल्या बायका डब्यात चिंध्या भरून तो मुका करायच्या.

नाही म्हणू नकोस. हिचा तुला नमस्कार. आहे तो लोभ पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
श्रीधर

*

सेलू,
दि. १४ सप्टेंबर २०२५

चि. श्रीधर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा तुला वेड लागलं आहे असं वाटलं. अरे, बहिऱ्या बाईला गायला बोलावतोस? कानातलं यंत्र लावलं की भांड्यांचा कालवा तेवढा ऐकू येतो, माणसं नाहीत. ते मी डब्यात ठेवून दिलं आहे. शाळेत असताना माझ्या आवाजावर सगळी प्रार्थना उभी राहायची. आता मीच काय बोलते ते मला कळत नाही. परवा दिपाली समोर बसून म्हणाली, तिचं मला ओठांवरून कळतं, की आई, तुमी हळू बोलून राह्यल्या का जोरात, तुमाले तरी समजते का? मी म्हटलं, नाही समजत. दोघी हसलो, पण आत कुठंतरी लागलं.

तुम्ही आठवणीची गाणी म्हणता. मला गाण्यांचीच आठवण येते रे. कुकरची शिट्टी, एस्टीचा हॉर्न, तुझ्या भाऊजींचा खोकला यांची येते, पण गाण्याची सर्वांत जास्त. भाऊजी गेले तेव्हा निदान चार माणसं भेटायला आली. गाणं गेलं तेव्हा कोणी आलं नाही.

तरी मी एक युक्ती काढली आहे. दिपालीची गाण्याची पेटी, तो स्पीकर म्हणतात तो, फळीवर असते, तिच्यावर तळहात ठेवला की गाणं हाताला कळतं. लावणी ठेका धरून बसते, भजन सरळ चालतं, आणि नव्या पोरांच्या गाण्यानं फळीवरचे डबे नाचतात. म्हणून येते म्हणते. घरी दार लावून म्हणून पाहिलं. शब्द सगळे आहेत.

सांग सांग पायवाटे, भाऊ कुठवर आला गं
धुऱ्यावरच्या बोरीपाशी दिवस माझा गेला गं

चाल गळ्यात आहे, पण बाहेर काय पडतं ते देव जाणे. तू ऐक आणि बरं नसेल तर आधीच सांग, मी मागं बसून दूध पिऊन परत येईन. मला वाईट वाटणार नाही. स्टेजवर मात्र आवाजाच्या मोठ्या पेटीशेजारी उभं कर, हाताला आधार होईल.

पत्राचं उत्तर पत्रानंच दे, माया कमी करू नकोस.

तुझी,
ताई

*

सेलू,
दि. ९ ऑक्टोबर २०२५

चि. श्रीधर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचले. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली.

तुझा कार्यक्रम थाटाचा झाला. काय ऐकू आलं म्हणशील तर काहीच नाही, पण दिसलं भरपूर. गझलवाल्या साहेबांनी डोळे इतके मिटले होते की ते झोपले असं मला वाटलं. लावणीच्या बाईंचा पदर खांबाला अडकला आणि त्यांनी तोही अभिनयात घेतला. रूपराव खंजिरी वाजवताना पुढच्या रांगेतली सगळी डोकी एका वेळी हालत होती. तू जोधपुरी कोट घालून भाऊजींसारखा दिसत होतास. आणि माझं झाल्यावर लोकांनी हात वर करकरून टाळ्या वाजवल्या, त्याही पाहिल्या. पहिला हात तुझा वर गेला होता.

पेटीशेजारी उभं केलंस, ते फार बरं झालं.

आता एक मागणं आहे. निकेश साउंडवाल्याशेजारी कॅमेरा लावलेला मी पाहिला. दिपाली कार्यक्रमाला आली नव्हती, तिला माझं गाणं बघायचं आहे. तेवढा भाग तिच्या मोबाइलवर पाठवून दे. आमच्या महिला मंडळाच्या बायकाही भाऊबीज झाली की मला गाणं म्हणायला सांगणार आहेत, असं कानावर, म्हणजे डोळ्यांवर आलं आहे. त्या आधी एकदा बघितलेलं बरं. मी सकाळी अंगण झाडताना हल्ली म्हणते. शेजारची कुत्री पळून जात नाही, म्हणजे अगदीच वाईट नसावं.

सौ. ला आशीर्वाद. दूध उत्तम आटलं होतं, तिला सांग.

तुझी,
ताई

*

वर्धा,
दि. ११ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. घाईत हे कार्ड लिहितो आहे. व्हिडिओचं म्हणशील तर तुझ्या गाण्याच्या वेळी नेमका कॅमेरा बंद पडला. निकेशला बराच बोललो. मंडळाचा जमाखर्च, हॉलची साफसफाई, यात मी बुडालो आहे. महिला मंडळाचं इतक्यात ठरवू नकोस, थंडी सुरू होईल, घशाला त्रास होतो. सविस्तर मग लिहितो.

श्रीधर

*

नागपूर,
दि. १४ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,
वेदश्रीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकाल. तुम्हीच म्हणता की महत्त्वाचं असेल ते कागदावर लिहावं. फोनवर मी विषय काढला की तुम्ही अनयच्या परीक्षेवर जाता, आणि नातवाच्या अभ्यासाचं कौतुक करून फोन ठेवता.

दिपालीवहिनीचा काल मेसेज आला. आत्याचा व्हिडिओ पाहिजे म्हणते. तुम्ही कॅमेरा बंद पडला असं आत्याला लिहिलंत, हेही तिनं सांगितलं. बाबा, कॅमेरा बंद पडला नव्हता. त्याच्यामागं मी उभी होते.

आत्यानं पहिली ओळ म्हटली ती एका सुरात, दुसरी भलत्याच सुरात. मागच्या खुर्च्यांवर कोणीतरी हसलं. पाहुण्यांनी तुमच्याकडे बघितलं. तेव्हा तुम्ही पडद्याच्या कडेनं निकेशला बोट खाली करून दाखवलंत. त्यानं आत्याचा माइक बंद केला आणि तुम्ही सांगितलंत म्हणून बासरीची तयार धून लावली. आत्या पूर्ण गाणं म्हणाली. हॉलला बासरी ऐकू येत होती, आणि आत्याचे ओठ हालताना दिसत होते. मग तुम्ही दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्यात आणि लोकांनाही वाजवायला लावल्यात, कारण तिला टाळ्या फक्त दिसतात हे तुम्हाला ठाऊक होतं. वायर गुंडाळताना निकेश मला म्हणाला की ताई, काकाजीनं सांगतलं म्हणून केलं, पण मले बी चांगलं नाई वाटून राह्यलं.

तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. मीही तिथंच होते, मीही बोलले नाही, उलट ती हसून खाली उतरली तेव्हा मी तिला मिठी मारली. त्या मिठीची मला आजही शरम वाटते. आत्या रोज अंगणात गाते आहे. उद्या महिला मंडळात उभी राहिली आणि बायका हसल्या, तर तिला कोजागिरीचं सगळं आपोआप कळेल, तेही परक्यांकडून. त्यानंतर ती पुन्हा तोंड उघडेल असं तुम्हाला वाटतं का?

व्हिडिओ माझ्याकडे आहे. मी तो पाठवणार नाही. पण आत्यानं मला विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. भाऊबीजेच्या आत तुम्ही सांगा.

आईला यातलं काही बोलले नाही. रागावू नका, आणि रागावलात तरी माया ठेवा.

आपली,
वेदश्री

*

वर्धा,
दि. १६ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
श्रीधरचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

कॅमेरा बंद पडला नव्हता. बंद मी केला, पण कॅमेरा नाही, तुझा माइक.

हे वाक्य लिहिण्याआधी चार कागद फाडले. पहिल्यात निकेशचं नाव घेतलं होतं, दुसऱ्यात पाहुण्यांचं, तिसऱ्यात तुझ्या काळजीनं केलं असं लिहिलं होतं. सगळं खोटं. तुझा सूर सुटला, मागं कोणीतरी हसलं, आणि मला तुझी लाज वाटली. एवढंच खरं आहे. सचिवाची बहीण, निवेदकाची बहीण, आणि असं गाते, हे लोक म्हणतील याची लाज. मी बोट खाली केलं. तुझ्या आवाजाच्या जागी बासरीची धून लावायला सांगितली. तू सगळं गाणं बंद माइकवर म्हटलंस, तिसरं कडवंसुद्धा, आणि मी बाजूला उभा राहून ते संपायची वाट बघत होतो.

तू आधीच सांग म्हणून लिहिलं होतंस. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात तू म्हणून दाखवलंस तेव्हाच मला कळलं होतं. पण तू इतकी खुशीत होतीस की माझी जीभ उचलली नाही. तेव्हा बोललो असतो तर तू दूध पिऊन, गझलवाल्या साहेबांची टिंगल करून घरी गेली असतीस. घरात तोंड उघडायला भ्यालो आणि भर सभेत तुझं बंद केलं.

आठवतं, तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला बाबांनी मला तुला आणायला सेलूला पाठवलं होतं? मी अर्ध्या चड्डीत होतो. तू फाटकाशी उभी होतीस, आणि मला बघून हेच गाणं सुरू केलंस, तुझ्या सासूबाईंसमोर. तेव्हाही मला लाज वाटली होती आणि मी तुला हळूच गप्प बस म्हटलं होतं. म्हणजे हा माझा स्वभावच आहे बहुतेक. तू गायलीस की मी गप्प करायचं.

कोजागिरीपासून कोणाला तोंड दाखवावंसं वाटत नाही. मंडळाचे लोक भेटले की कार्यक्रम छान झाला म्हणतात, आणि मला वाटतं ते बासरीबद्दल बोलत आहेत. मंडळाचं सचिवपद मी सोडलं आहे. त्यानं तुझं काही भरून निघत नाही, हे समजतं.

महिला मंडळात गायचं की नाही ते तू ठरव. मला ते सांगायचा अधिकार राहिला नाही. भाऊबीजेला येऊ की नको, तेही कळव. तू नको म्हणालीस तर मी का म्हणून विचारणार नाही.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.

श्रीधर

*

सेलू,
दि. १८ ऑक्टोबर २०२५, धनत्रयोदशी

चि. श्रीधर यास आशीर्वाद. वि. वि.

टपालावर सोडलं तर भाऊबीज उलटून जाईल, म्हणून दिपाली बाजाराला वर्ध्याला येते आहे तिच्या हाती पत्र देते. ते तिच्यासमोर वाचू नकोस. तुझा चेहरा लगेच सांगतो.

मला माहीत होतं. तेव्हाच कळलं होतं.

तुला मी पेटीशेजारी उभं कर म्हणून लिहिलं होतं, ते नुसतं टेकायला नव्हतं. पेटीवर हात होता माझा. पहिली ओळ म्हटली तेव्हा माझा आवाज तळहाताला लागला. केवढा आनंद झाला म्हणून सांगू, किती दिवसांनी माझा मला भेटला. दुसऱ्या ओळीत तो हातातून निघून गेला. मी बोलते आहे आणि पेटी गप्प. मग तिच्यात दुसरंच काहीतरी, बारीक, माझ्याशी न जुळणारं सुरू झालं. मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघत नव्हतास. लहानपणी डबा हालवून ओळखायची सवय, श्रीधर. डबा वाजला नाही तरी आत काय आहे ते मला कळतं.

मग थांबले का नाही? तेच सांगायला हे पत्र लिहिते. मी मधेच थांबले असते, तर काय झालं म्हणून सगळा हॉल वळून बघू लागला असता. कोणी निकेशला विचारलं असतं, त्यानं तुझ्याकडे बोट दाखवलं असतं. त्या कोटात, पाहुण्यांसमोर, बहिणीचा माइक बंद करणारा भाऊ म्हणून तू उभा राहिला असतास. ते मला बघवलं नसतं. म्हणून शेवटपर्यंत ओठ हालवले. तुझं कडवंही म्हटलं. लोकांना हसायचं होतं तर बहिरीला हसू देत, माझ्या भावाला नको.

मी फार मोठ्या मनाची आहे असं समजू नकोस. राग आला होता. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले, शेजारच्या बाईनं खांद्याला हात लावला, मावशी, काऊन रडता हे तिच्या ओठांवर दिसलं, तर डोळ्यांत कचरा गेला म्हणून सांगितलं. कोजागिरीनंतरचं पत्र गोड लिहिलं ते खोटं होतं, आणि व्हिडिओ मागितला तो मुद्दाम. तू सांगतोस की नाही ते बघायचं होतं. तुझं कार्ड आलं तेव्हा ते चुलीत घालणार होते. थंडीची आणि माझ्या घशाची काळजी! मला बेसूर आवाजाची लाज नाही वाटली, वय झालं, कान गेले, सूर जाणारच. तुला माझी लाज वाटली याची लाज वाटली. ती अजून आहे. तुझं आजचं पत्र वाचून थोडी कमी झाली, सगळी नाही. हळूहळू जाईल.

महिला मंडळात मी गाणार आहे. बायकांना आधीच सांगून ठेवलं आहे की सूर लागणार नाही, हसायचं असेल तर समोर बसून हसा. आवाजाची पेटी नको म्हटलं आहे. तू सचिवपद सोडलंस तो मूर्खपणा केलास. ते परत घे. नाहीतर गझलवाले साहेब सचिव होतील आणि मंडळाला जांभया येतील.

वेदश्रीला माझा आशीर्वाद कळव. तिच्या मिठीत तिचं अंग थरथरत होतं, तेव्हाच मला समजलं होतं की पोरीला सगळं ठाऊक आहे. तिला म्हणावं, आत्याला काही वाटलेलं नाही.

भाऊबीजेला यायचं. सकाळच्या बसनं. मी फाटकाशी उभी राहीन. ओवाळणीत साडी आणू नकोस, कपाटात ठेवायला जागा नाही. तुझं कडवं हवं आहे.

येतो येतो बाई माझे, ओढा आला भरून गं
तुझ्यासाठी आणलं लुगडं डोक्यावरती धरून गं

साठ वर्षं तुझं कडवं मीच म्हणत आले. आता तू म्हण, अंगणात, दिपालीसमोर, शेजारच्या बायकांसमोर. मी तुझ्या गळ्यावर हात ठेवून ऐकेन. सूर चुकला तर घाबरू नकोस. मी हात काढून घेणार नाही.

तुझी,
ताई